हसण्याचा तुकडा

"बाई, ह्या अंगाला काय ऱ्हायलंय का बघा जरा," म्हणत हिंदुरावनं आपला गाल माझ्यापुढं केला.

पन्हाळ्याच्या तटाखाली एका जांभळीच्या खोडाला आरशाचा तुकडा टांगून तो सकाळपासून दाढी करत होता. एकदा करून झाली होती, ही दुसरी. मी अर्धी चेटकीण झाले होते, म्हणजे वाकडं नाक लावून झालं होतं आणि पुढचे दात काळे करायचे राहिले होते.

"दाढी करतोयस की बटाटा सोलतोयस?" मी म्हटलं. "रक्त निघेल आता. राक्षस आहेस तू, नवरदेव नाहीस."

"आज राक्षस न्हवं बाई. आज मानूस हाय," तो म्हणाला, आणि एवढा सहा फुटी गडी आपल्याच बोलण्यानं लाजला.

त्याच्या मागं एका दगडावर त्याची बायको हौसाबाई बसली होती. शिंगणेवाडीहून पहिल्या एसटीनं आली होती, मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं. ती शूटिंगला कधी येत नसे. आज आली होती, कारण तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या नवऱ्याचं तोंड सिनेमात दिसणार होतं.

आणि ते दिसणार नाही, हेच सांगायला मी त्याच्याकडं आले होते.

सिनेमाचं नाव 'पोपटगडचा राजपुत्र'. आज ते कुणाला आठवत नाही, आणि त्यात कुणाचं काही बिघडलेलंही नाही. पोरासोरांसाठी काढलेला, जादूचा, मारामारीचा आणि हसवाहसवीचा. पोपटगडचा राजपुत्र हसरं फूल आणायला निघतो. सोबतीला भित्रा प्रधान आणि बोलणारं गाढव. वाटेत मी, चेटकीण, आणि माझा पाळलेला राक्षस. हा राक्षस शंभर भाकऱ्या खाऊन शिंकला की झाडं आडवी व्हायची. पण मुळात तो एक राजा. माझ्या शापानं राक्षस झालेला, आणि त्या शापातच स्वतःचं नाव विसरलेला. शेवटच्या लढाईत तो घायाळ होतो, मला पश्चात्ताप होतो, मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणते, "आठव, तुझं नाव आठव." नाव आठवलं की शाप सुटतो. मग राक्षसाचं सोंग गळून पडतं, आतला माणूस दिसतो, तो आपलं नाव सांगतो आणि प्राण सोडतो.

हिंदुराव मगदूम मूळचा पैलवान. उमेदीत एका कुस्तीत खांदा निखळला आणि तो कोल्हापूरच्या स्टुडिओत आला. अस्वल झाला, हत्तीचे मागचे पाय झाला, हीरोच्या जागी घोड्यावरून पडला, लढाईत पालथा मेला. अठरा सिनेमे केले आणि तोंड एकातही नाही. हा एकोणिसावा. ह्यात त्याला अर्धा मिनिट तोंड होतं आणि एक वाक्य होतं. ते वाक्य तो दोन महिने पाठ करत होता. सबंध वाक्य शब्दांत मोजलं तर तीन: "माझं नाव प्रतापसेन."

त्या सकाळी दिग्दर्शक टोणपे मास्तर मला बाजूला घेऊन गेले. चांगला माणूस. पण चांगुलपणाला जो कणा लागतो तो देव त्यांना घालायला विसरला होता.

"इंदूबाई, वितरकाचं पत्र आलंय," ते म्हणाले. "शापातून सुटलेला राजा राजबिंडा पाहिजे म्हणतात. पैसा शेठचा; त्यांनी आपल्या मेहुण्याला, दिलीपरावांना सांगितलंय. पुढच्या आठवड्यात स्टुडिओत त्यांच्यावर घेऊ."

"मग आज हिंदुरावचा सीन कशाला लावलाय?"

"लढाईचे दोन दिवस बाकी आहेत. आज कळलं तर तो शिंगं काढून एसटीत बसेल. त्या मापाचा दुसरा माणूस मी कुठून आणू?"

"म्हणजे?"

मास्तर चपलेनं माती उकरत राहिले. "म्हणजे रिकामा टेक घ्या म्हणतात शेठ."

रिकामा टेक ही आमच्या लाइनीतली जुनी लबाडी. सेटवर कुणी पुढारी यायचा, कुणा बड्या घरच्या चिरंजीवांना दोन वाक्यं बोलायची हौस यायची. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म न घालता तो नुसता फिरवायचा. दिवे लागायचे, स्टार्ट-कट व्हायचं, टाळ्या पडायच्या. हौस फिटायची आणि फिल्म वाचायची. पण ही लबाडी पाहुण्यांशी करायची असते. आपल्या माणसाशी ती केलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि तसं मी मास्तरांना तोंडावर सुनावलं.

"मग तुम्ही सांगून बघा त्याला," ते म्हणाले. "तुमचं ऐकतो तो. समजून घेऊन थांबला तर मी सुटलो. नाहीतर..."

"सांगते की," मी म्हटलं. "मला कुणाची भीती आहे का?"

खरंच नव्हती. मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते. हीरोइनीला जाडी आणि शेठला कंजूष मी समोर म्हटलेलं होतं. तेवढ्या गुर्मीतच मी तरातरा जांभळीखाली आले होते, आणि आता हिंदुरावचा गुळगुळीत गाल माझ्या पुढ्यात होता.

"हिंदुराव, एक सांगायचं होतं."

"सांगा की."

"आजच्या सीनचं..."

"त्यास्नी समदं पाठ हाय बाई," मागून हौसाबाई म्हणाली. "झोपंत बी म्हनत्यात. माझं नाव प्रतापसेन, माझं नाव प्रतापसेन. मी म्हटलं, मग मी कुनाची बायकू?"

हिंदुराव खो खो हसला. ती मात्र हसता हसता थांबली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "माझ्या म्हायेरात काय वाटतंय ठावं हाय? ह्ये तितं झाडलोट करत्यात. कवा दिसत्यात का, म्हनत्यात. भावजया तोंडाला पदर लावून हसत्यात. आता एकदाचं दिसू दे. मग म्या त्यास्नी समद्यांस्नी गाडी करून आननार हाय बघा."

मी हिंदुरावकडं पाहिलं. तो मान खाली घालून वस्तरा पुसत होता. एकदा पुसलेला पुन्हा पुसत होता.

"काय सांगत व्हता बाई?" त्यानं विचारलं.

"कानाशी साबण राहिलाय," मी म्हटलं. "तेवढा पूस."

मी परत फिरले आणि दात काळे करायला बसले. मास्तरांनी लांबून हातानंच विचारलं, सांगितलंत का? मी मानेनं नाही म्हटलं. मला वाटलं होतं ते चिडतील, पण ते फक्त जास्त बारीक दिसू लागले.

दुपारी सीन लागला. आधी शिंगांचा मुखवटा घालून हिंदुराव पडला, तेवढं खरं घेतलं. मग मुखवटा उतरवला. घामानं भिजलेले केस त्यानं स्वतःच हातानं मागं सारले आणि लहान मुलासारखा मास्तरांकडं बघून विचारलं, "असंच ऱ्हाऊ दे का?" मास्तर "उत्तम, उत्तम," म्हणाले. आमचे कॅमेरामन दस्तगीरभाई पाठ करून काहीतरी खुडबुड करत होते. फिल्म काढली जात होती हे मला कळत होतं.

त्या काळी बाहेरच्या शूटिंगला आवाज घेत नसत, तो मागाहून स्टुडिओत भरायचा. त्यामुळं कॅमेरा खुशाल घरघर करायचा. मास्तर "स्टार्ट" म्हणाले, मोटर फिरली आणि माझ्या मांडीवरच्या हिंदुरावनं मान जराशी कलती केली, कान दिल्यासारखी. मला वाटलं, भूमिकेत शिरतोय.

"आठव," मी म्हटलं. "तुझं नाव आठव."

त्यानं डोळे उघडले. मी पुष्कळ नटांचे डोळे जवळून पाहिलेत. बहुतेकांच्या डोळ्यांत पुढचं वाक्य दिसतं. ह्याच्या डोळ्यांत आठवणीत चाचपडणारा माणूस दिसला. तो खरोखर काहीतरी विसरला होता आणि माझ्या तोंडाकडं बघून आठवत होता. मला हुंदका आला, तो चेटकिणीचा नव्हता. लाज वाटून आलेला माझा स्वतःचा होता. मग म्हटलं, निदान एवढं तरी त्याला खरं देऊ, आणि मी जीव ओतून काम केलं. वाकडं नाक निसटायला आलं तरी थांबले नाही.

"माझं नाव," तो म्हणाला, थांबला, माझ्याकडं बघत राहिला, "माझं नाव प्रतापसेन."

आणि त्याची मान माझ्या हातात सैल झाली.

मास्तर कट म्हणायचे विसरले. कुणी टाळी वाजवली नाही. गाढवाच्या कातड्यातले दोघे कातड्यातच उभे राहून डोळे पुसत होते. दगडावर बसलेल्या हौसाबाईनं कपाळावरचं कुंकू चाचपून बघितलं. आणि एवढं सगळं कुठंच उमटलं नव्हतं.

आता आमच्यातली दुसरी रीत सांगायला हवी. कॅमेऱ्यापुढं मेलेल्या नटानं तसंच उठून जायचं नसतं. उठून बसायचं आणि कॅमेऱ्यात बघून हसायचं. मरण खोटं होतं हे हसून दाखवायचं, म्हणजे ते मागं लागत नाही. ह्यासाठी डब्यातला उरलासुरला वीस-पंचवीस फुटांचा तुकडा वापरायचा. दस्तगीरभाई ह्या बाबतीत फार कडक. शेठ "राहू द्या आता," म्हणाले तर त्यांनी ऐकलं नाही. "बाकी काय पण रिकामं फिरवीन, हे नाही," ते पुटपुटले. "मौतीशी खोटं नको." फिल्मला उजेड लागू नये म्हणून त्यांनी काळ्या पिशवीत हात घालून एक तुकडा चढवला आणि ओरडले, "हिंदुराव, हस रे!"

हिंदुराव उठून बसला. मोटर फिरली. त्यानं पुन्हा मान तशीच कलती केली आणि झटकन ताठ झाला. तो हसला नाही. छाती पुढं काढून, सरळ कॅमेऱ्याकडं बघत, सावकाश काहीतरी बोलायला लागला. मी तोवर नाक सांभाळत लांब गेले होते. वाऱ्यामुळं मला ऐकू आलं नाही, नुसते ओठ हलताना दिसले.

"अरे हस की! हस!" दस्तगीरभाई कळवळून ओरडत होते.

तुकडा संपला आणि मोटर नुसतीच फिरत राहिली. तेव्हा कुठं हिंदुराव हसला. दस्तगीरभाईंनी कानाला हात लावला. आम्ही सगळ्यांनी त्याची खूप चेष्टा केली. वाक्य एवढं पाठ झालंय की मेल्यावरही म्हणतोय, असं मीच म्हटलं.

लढाईचे दोन दिवस त्यानं इमानानं केले. पॅकअपच्या दिवशी माझ्या केसांच्या टोपाचं खोकं फुटलं. ते बांधायला मी दस्तगीरभाईंकडं सुतळी मागितली. सुतळी नव्हती. त्यांनी टोपलीतून फिल्मचा एक तुकडा उचलून दिला. "घ्या, हसण्याचा आहे परवाचा."

"तो धुवायला नाही पाठवत?"

"हे कोण धुतं बाई? फिरवायची रीत असते, बघायची नसते. उजेडात काढला, संपलं."

मी खोकं त्या तुकड्यानं गच्च बांधलं. फिल्म सुतळीपेक्षा चिवट असते, गाठ छान बसते.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओत दिलीपरावांचं डोकं माझ्या मांडीवर आलं. त्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. सहा टेक झाले, सगळ्यांत फिल्म होती. त्यांना तीन शब्दांतला तिसरा लक्षात राहत नव्हता.

आता तरी हिंदुरावला सांगायला हवं होतं. पाच महिने माझ्या हातात होते. पत्र टाकता आलं असतं, शिंगणेवाडी काही विलायतेला नव्हती. मी दर रविवारी ठरवत होते. मग सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी तोच माझ्या दारात उभा राहिला.

"बाई, सतरा मानसं आनतोय. टेम्पो ठरवलाय. तुमी आमच्यात बसायचं बगा."

"हिंदुराव, कापाकापीत काय होईल सांगता येत नाही हं," मी कशीबशी म्हटलं. एवढीच माझी मजल गेली.

"आता काय व्हईल ते व्हईल की," तो म्हणाला. "हौसाचा शबुद गेलाय म्हायेरात."

टॉकीजमध्ये एक सबंध रांग त्यांची होती. हौसाबाईनं इरकली नेसली होती. तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो, आणि पलीकडं त्या तोंडाला पदर लावणाऱ्या भावजया. राक्षस शिंकला, झाडं पडली, पोरं किंचाळली. एक भावजय म्हणाली, "शिंगं झ्याक दिसत्यात." हिंदुराव गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता.

मग लढाई झाली. राक्षस पडला. पडद्यावरची मी म्हणाले, "आठव, तुझं नाव आठव." शेजारी हौसाबाईनं माझा हात धरला. मुखवटा गळून पडला आणि दिलीपराव दिसले. गोरेपान, भुवया कोरलेले.

रांगेतल्या माना एकदम हिंदुरावकडं वळल्या. मग हौसाबाईचा भाऊ हळूच म्हणाला, "दाजी, ह्यो कोन?"

मी डोळे मिटले. हौसाबाईची नखं माझ्या मनगटात रुतली होती. तिनं मान वळवली नाही, पण आवाज चढवून म्हणाली, "मेकप असतोय त्यो! पांडरं फासत्यात तोंडाला. गप बघा."

"व्हय व्हय," भाऊ म्हणाला. भावजयांच्यातली एक खोकली.

शेवटी पात्रांची ओळख होती. एकेक पात्र चौकटीत हसून बघायचं आणि खाली नटाचं नाव यायचं. राजपुत्र हसला, राजकन्या हसली, प्रधान घाबरून हसला, गाढवानं दात दाखवले. मी हसले. राक्षस आला, शिंगांसकट. खाली 'हिंदुराव'. आडनाव घालायला जागा पुरली नसावी. हिंदुराव ते बघायला खुर्चीच्या कडेवर पुढं सरकून बसला होता. पुढच्या चौकटीत दिलीपराव आले तसा तो मागं टेकला.

बाहेर सगळे सोडा पीत होते. हौसाबाई कुणाला तरी पावडर कशी लावतात ते सांगत होती. हिंदुराव मला पोस्टरच्या आडोशाला घेऊन गेला. मला वाटलं, आता तो मला विचारणार, आणि विचारलं तर मी सगळं सांगून टाकणार. मी तयार होते.

"बाई," तो म्हणाला, "कॅमेऱ्यात फिल्म नसली की आवाज हलका येतोय. जात्यात दानं न्हाईत ह्ये भायेरनं बी कळतंय. तीस वर्सं त्येच्या म्होरं पडतोय मी."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"स्टार्ट म्हनल्याबरूबर."

"मग काम कशाला केलंस? एवढं?"

"तुमी डोळ्यात पानी आनून करत व्हता न्हवं. म्हनलं, बाईंस्नी बी कुनी सांगितलं न्हाई वाटतं. मी मदीच उठलो असतो तर तुमाला किती वाईट वाटलं असतं."

सगळं सांगून टाकायला उघडलेलं तोंड मी मिटलं. ह्या माणसानं मला वाचवायला ते काम केलं होतं. त्याला आता काय सांगायचं होतं मी?

"तेव्हा हसला का नाहीस?" मी विचारलं. "दस्तगीरभाई एवढे ओरडत होते."

"तवा दानं व्हतं की!" त्याचे डोळे चमकले. "लगीच वळकलं मी. म्हनलं, एवढीशी फिल्म गावली, ती काय हसन्यात घालवायची? नाव सांगितलं. हिंदुराव बाळू मगदूम, मुक्काम पोस्ट शिंगणेवाडी. न्हेमकं बसलं बगा तेवढ्यात. शाप सुटतोय म्हनत्यात न्हवं नावानं." तो जरासा हसला. "मागनं कळलं, शेठच्या मेव्हन्याला घेतलंय. मला वाटलं, घेतलं तर घेतलं, पर शेवटाला पात्रं दावत्यात, तितं लावतील त्यो तुकडा. न्हाई लावला."

मी पोस्टरचा सुटलेला कोपरा चिकटवत राहिले.

"असंल न्हवं कुटंतरी? दस्तगीरभाईकडं? तुमचं ऐकत्यात ते. तुमी इच्यारा की. पडद्यावर नको, नुस्ता उजेडाला धरून हौसाला दावला असता. येवढी खोटं बोलली आज माझ्यापायी."

"विचारते," मी म्हटलं.

त्यानंतर तो मला चारदा भेटला आणि चारही वेळा त्यानं विचारलं. मी म्हटलं, दस्तगीरभाई मुंबईला गेलेत. मी म्हटलं, शोधतायत. तिसऱ्या वर्षी तो गेला. स्टुडिओतले लोक म्हणाले, कॅमेऱ्यापुढं मेला तेव्हा हसला नव्हता ना, म्हणून. हौसाबाईनं मला काही विचारलं नाही, आणि जन्मभर ज्याच्या त्याच्या तोंडावर खरं बोलणारी मी, तिला काहीच सांगू शकले नाही.

टोपाचं खोकं माझ्या कपाटावर आहे. त्या दिवशी टॉकीजमधून घरी येऊन मी ते खाली काढलं, गाठ सोडली आणि तो तुकडा खिडकीशी नेऊन उजेडाला धरला. मग एकेक चौकट सरकवत शेवटपर्यंत बघितला. वीस फुटांत तीनशे वीस चौकटी असतात. मी तेव्हापासून पुष्कळदा बघितल्यात. एकीतही काही नाही.